आईची शुगर आणि गुळणीतलं रक्त : सहा वर्षांत कोणी तोंड उघडून पाहिलं नाही

काळीमाती

माझं माहेर केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याहून एसटीनं अर्ध्या तासावर. आई ५८ वर्षांची, अंगानं काडी. सहा वर्षांपूर्वी कापूस वेचताना चक्कर आली आणि ती तासातच, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमध्येच, बसली. तेव्हा तपासणीत शुगर निघाली. तेव्हापासून गोळ्या सुरू. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. गेल्या दिवाळीला तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) ९.१ होती.

ज्यांचं औषध चालू होतं ते डॉक्टर दर खेपेला एकच विचारायचे, गोड खाता का, पथ्य पाळता का. आई चहासुद्धा बिनसाखरेचा पिते. दवाखान्यातून घरी आली की गप्प असायची. आपण खोटं बोलतो असं त्यांना वाटतं, एवढंच एकदा म्हणाली.

दिवाळीत चार दिवस राहिले तेव्हा तिचं ताट नीट पाहिलं. भाकर नाही. गवार, कारलं, भाजलेले शेंगदाणे, सगळं बंद. मऊ भात, वरणाचं पाणी, आणि चहात बुडवलेले टोस्ट. मी विचारलं, भाकर काहून सोडली? म्हणे, "दात हलून रायले, चावतच नाही." सकाळी तिनं गुळणी केली तर मोरीत लाल पाणी. किती दिवसांपासून हे? "लय दिवस झाले. आपल्या इकडच्या पाण्यानं दात असेच रायतात ना बाई."

या एका वाक्यात आमच्या भागाची गोष्ट आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आमच्या तालुक्यातल्या, झरी जामणीतल्या कित्येक गावांत त्याहून जास्त निघतं. लहानपणापासून दातांवर पिवळे, तपकिरी पट्टे. म्हणून दाताचं काहीही झालं तरी पाण्यावर ढकलायची सवय. पण फ्लोराइडचा डाग दाताच्या आत असतो. आईच्या दातांच्या मुळाशी जे होतं ते वरून चढलेलं, खरबरीत, दगडासारखं कीटण होतं. मी स्वतः तिची लेक, वर्षानुवर्षं तिच्यासमोर बसून जेवले, मला तो फरक दिसला नाही.

मग तिला दंतवैद्याकडे नेलं. तिथल्या मॅडमनी बारीक खुणा असलेली सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून मोजलं. निरोगी माणसाची फट १ ते ३ मिलिमीटर असते. आईची सहा दातांना ६, दोन दाढांना ७. दाबलं की पस. मॅडम म्हणाल्या, "यांची शुगर आटोक्यात येत नाही ना?" आम्ही शुगरचा शब्दही काढला नव्हता.

चार खेपांत वरचं आणि हिरडीखालचं कीटण काढलं. एक दाढ वाचली नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.३. गोळ्या त्याच होत्या, एकही वाढवली नव्हती.

मात्र सगळं श्रेय जंतू काढण्याला देत नाही. दात घट्ट झाल्यावर आई पुन्हा ज्वारीची भाकर, शेंगा, पालेभाजी चावून खायला लागली, टोस्ट सुटले. त्याचाही वाटा असणारच. तरी वाटतं, या सहा वर्षांत कोणी एकदा म्हणालं असतं, "माय, तोंड उघडा बरं"...

इथे कोणी दंतवैद्य असतील तर हिरडीतले जंतू आणि शुगर यांचा संबंध नेमका कसा लागतो ते समजून घ्यायचं आहे. आणि ज्यांच्या घरी शुगरचा माणूस आहे त्यांनी आजच गुळणीचं पाणी पाहा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, वाचून अंगावर काटा आला. माह्या बाबाले दहा वर्सापासून शुगर हाय आन् समोरचे चार दात पडले. आमी म्हनो, वय झालं. कोनी असं सांगितलंच नाही. उद्याच पायतो.

दंतवैद्य_ग्रामीण

ताई, मी गेली अकरा वर्षं विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी काम करतो. तुमच्या आईसारखे पेशंट आठवड्याला चार-पाच येतात, आणि बहुतेक सगळे "दात काढून टाका" म्हणूनच येतात. प्रश्न चांगला विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दातावर रोज एक चिकट थर बसतो. तो घासून निघाला नाही तर लाळेतल्या कॅल्शियमनं कडक होतो, तेच कीटण. त्याच्या आधारानं थर हिरडीखाली उतरतो. खाली हवा पोचत नाही, आणि ज्यांना हवा नकोच असे जंतू तिथे वस्ती करतात. त्यातला सगळ्यात अभ्यासलेला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस. त्याच्या सोबतीला टॅनेरेला आणि ट्रेपोनेमा. १९९८ साली या तिघांना मिळून 'लाल गट' असं नाव दिलं गेलं, कारण खोल फटी आणि रक्त जिथे, तिथे हे तिघं एकत्र सापडतात.

हिरडीची आतली बाजू आपल्याला दिसत नाही, म्हणून ती जखम आहे हेच कळत नाही. जुन्या पायरियात, म्हणजे हिरडीच्या याच आजारात, सगळ्या दातांभोवतीची ही सोललेली जागा मिळून ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी उघडी, पसाळलेली जखम हातावर असती तर माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला असता. तोंडातली मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि चावताना, दात घासताना त्यातून जंतू आणि त्यांचे तुकडे रक्तात जातात.

या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो. आपल्या पांढऱ्या पेशी तो ओळखतात आणि दाह पेटवणारी रसायनं सोडतात : टीएनएफ-अल्फा, आयएल-६, आयएल-१. आयएल-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी नावाचं, दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं. पायरियाच्या पेशंटच्या रक्तात सीआरपी वाढलेलं दिसतं ते यामुळे. म्हणजे आग लागली हिरडीत, पण धूर सगळ्या अंगात.

आता शुगरकडे येऊ. जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते ती आठवा. गाड्या म्हणजे रक्तातली साखर, जिनिंग म्हणजे स्नायूची पेशी. इन्सुलिन बाहेरून हाक मारतं, ती हाक आत एकाकडून दुसऱ्याकडे पोचते, मग फाटक उघडतं. टीएनएफ-अल्फा ही हाक पोचवणाऱ्या साखळीतल्या पहिल्याच गड्याला अडवतं. हाक मारणारे वाढवले, म्हणजे इन्सुलिन वाढलं, तरी गाड्या रस्त्यावरच. यालाच इन्सुलिन रोध म्हणतात. १९९३ साली अमेरिकेत लठ्ठ उंदरांवर हे दाखवलं गेलं : त्यांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा जास्त बनत होतं, आणि ते निकामी केल्यावर इन्सुलिनचा परिणाम सुधारला.

उलट दिशेनंही तेच. शुगर वाढली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, तोंड कोरडं पडतं, जखम भरत नाही, हिरडीखालचं हाड लवकर झिजतं. मधुमेह्यांमध्ये पायरिया साधारण दुप्पट-तिप्पट दिसतो. हॅराल्ड लो या दंतवैज्ञानिकांनी १९९३ सालीच पायरियाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, किडनी, नसा, रक्तवाहिन्या, न भरणाऱ्या जखमा, आणि सहावी हिरडी. बाकीच्या पाचांची आठवण आपण पेशंटला करून देतो. सहावीची नाही.

तुमच्या मॅडमनी न सांगता शुगर ओळखली याचं नवल वाटून घेऊ नका. ५८ वर्षांची बाई, ७ मिलिमीटरची फट आणि पस, एवढं दिसलं की आम्ही आधी शुगरच विचारतो. कित्येकांची शुगर पहिल्यांदा आमच्याच खुर्चीत निघते.

शंकानिरसन

विषय महत्त्वाचा आहे, पण एक बाजू सुटू नये. २०१३ साली अमेरिकेत ५१४ मधुमेह्यांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांची हिरडीखालची स्वच्छता केली, निम्म्यांची नाही. सहा महिन्यांनी एचबीए१सीत काहीच फरक नव्हता. मग दातसफाईनं शुगर उतरते हे लोकांना कोणत्या आधारावर सांगायचं? गावाकडे असं काही सांगितलं की माणूस गोळ्या सोडतो. मी माझ्या सख्ख्या मामांचं असं होताना पाहिलं आहे. त्यांनी जांभळाच्या बियांच्या पावडरीवर भरवसा ठेवून गोळ्या बंद केल्या आणि पाय गमावला.

दंतवैद्य_ग्रामीण

मामांचं वाचून वाईट वाटलं. तुमची शंका रास्त आहे आणि ती चाचणी मलाही माहीत आहे. तिच्यावर एक मोठा आक्षेप असा की उपचारानंतरही बऱ्याच जणांच्या दातांवर थर आणि हिरडीतून रक्त शिल्लकच होतं. जखम बरीच उरली असेल तर शुगर उतरेल कशी? नंतर २०१८ साली लंडनमध्ये २६४ जणांवर चाचणी झाली, तिथे उपचार कसून केले आणि वर्षभर पाठपुरावा ठेवला. ज्यांची फक्त वरवरची सफाई केली त्यांच्यापेक्षा कसून उपचार झालेल्यांचा एचबीए१सी ०.६ नं कमी आला.

२०२२ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं अशा ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३, सहा महिन्यांनी ०.३०, वर्षानं ०.५०, एवढी घट. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनं साधारण १ ते १.५ उतरतो. म्हणजे हिरडीचा उपचार गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही. हे मी प्रत्येक पेशंटला दोनदा सांगतो आणि सोबत आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा. काळीमाती ताईंच्या आईचा ०.८ उतरला त्यात भाकर परत आल्याचा वाटा आहे, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय ते बरोबर आहे. चावता येणं हाही उपचारच.

पैनगंगाकाठ

डॉक्टर साहेब, एक विचारायचं होतं. मी दिवसाले तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे खातो, वीस वर्सं झाली. पण माह्या हिरडीतून थेंबभर रक्त येत नाही. म्हंजे माह्या हिरड्या चांगल्या हायेत ना? शुगर मात्र बॉर्डरवर सांगितली, उपाशीपोटी ११८.

दंतवैद्य_ग्रामीण

भाऊ, खरं लिहिलंत म्हणून खरं सांगतो. रक्त येत नाही म्हणून हिरडी चांगली, असं तुमच्या बाबतीत धरता येणार नाही. तंबाखूतल्या निकोटीननं हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालू असतो आणि रक्ताची खूण लपते. ज्या बाजूला खर्रा धरता तिथली हिरडी खाली सरकली आहे का, दाताचं मूळ पिवळं दिसतं का, ते आरशात पाहा. आणि तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर सुपारीनं गालाच्या आतली कातडी कडक होतेय. मग थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

उपाशीपोटी १०० ते १२५ ही मधुमेहाच्या आधीची पायरी. अजून परत फिरता येतं. तंबाखूनं इन्सुलिन रोध वाढतो, म्हणून खर्रा सोडणं हे तुमच्यासाठी हिरडीचंही औषध आणि शुगरचंही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण आपल्याकडे चौकाचौकात पन्नीत घोटलेला खर्रा तसाच चालू राहिला. त्याच्याशी रोज झगडणारा माणूस म्हणून विनवतो.

पैनगंगाकाठ

दोनच बोटं जातात.

दंतवैद्य_ग्रामीण

मग उद्या सकाळी जा भाऊ. परवा नको. उपजिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो, तिथे दाखवा. ते पुढे नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवतील तर जायला टाळू नका.

आशाताई_वर्धा

मी गावात आशा कार्यकर्ती आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा आमचा एक फॉर्म असतो, त्यात तंबाखू, कंबर, घरात कोणाला शुगर-बीपी, हे विचारतो. तोंडातल्या पांढऱ्या-लाल चट्ट्यांबद्दल पण विचारतो, पण ते कॅन्सरसाठी. हिरडीतून रक्त येतं का हे मी आजवर विचारलं नव्हतं. हा धागा वाचून काल अकरा घरी माझ्या मनानंच विचारलं. सात बायांनी हो म्हटलं! एक बाई म्हणाली, रक्त येतं म्हणून त्या बाजूनं घासणंच सोडलं. त्यातल्या तिघी नस (तंबाखूची पूड) घासतात. त्यांना काय सांगू?

दंतवैद्य_ग्रामीण

ताई, तुम्ही एका दिवसात केलं ते आमच्या शिबिरांत होत नाही.

रक्त येतं तिथे घासणं सोडायचं नाही, उलट तिथेच हलक्या हातानं जास्त नीट घासायचं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये याच लो यांनी १२ धडधाकट माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. नुसती सूज असेल तर ती अशी पूर्ण परत फिरते. हाड झिजलं की ते हाड परत येत नाही, पण झीज थांबवता येते. म्हणून त्या सात जणींमध्ये ज्यांचे दात अजून हलत नाहीत त्यांची वेळ गेलेली नाही, हे जरूर सांगा.

नस आणि गुडाखू म्हणजे तंबाखूच. घासल्यावर बरं वाटतं ते हिरडी बधिर होते म्हणून. राखुंडी आणि कोळशाची पूड दात झिजवते. मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट, रात्री झोपताना नक्की.

(पेस्टमधल्या फ्लोराइडची भीती आमच्या भागात विचारतात म्हणून सांगतो : मोठ्या माणसांनी थुंकून टाकलेल्या पेस्टनं काही होत नाही. ज्या गावच्या पाण्यात फ्लोराइड आहे तिथे लहान लेकरांना मात्र तांदळाएवढीच द्या आणि गिळू देऊ नका.)

झाडीपट्टी

आमची आजी ८२ वर्षांची आहे, कडुनिंबाच्या काडीशिवाय काही वापरलं नाही, तोंडात २४ दात. काडी वाईट म्हणू नका.

दंतवैद्य_ग्रामीण

आजींना नमस्कार सांगा. काडी वाईट नाहीच. चावून मऊ कुंचला केला आणि प्रत्येक दात वेळ देऊन घासला तर थर निघतो. अडचण दाढांच्या आतल्या बाजूची आणि दोन दातांमधल्या फटीची, तिथे काडी पोचत नाही. आजी बहुधा अर्धा तास ओट्यावर बसून घासत असतील. आजचा माणूस दुचाकीला किक मारता मारता दोनदा फिरवतो.

वऱ्हाडी_ठेचा

बाबाले दाखवलं. खालचे तीन दात हलतात, पस हाय. चार खेपा सांगितल्या. मेडिकलवाल्यानं एक माउथवॉश देल्ला, म्हने रोज दोनदा कायम वापरा, सारे जंतू मरतात. वापरू का?

दंतवैद्य_ग्रामीण

क्लोरहेक्सिडिनचं असेल तर सफाईनंतर दोन आठवडे ठीक. कायम नको. त्यानं दात तपकिरी होतात, चव जाते, आणि दुसरंही एक कारण आहे. तोंडातले सगळे जंतू वैरी नसतात. जिभेच्या मागच्या भागावर असे जंतू राहतात जे पालक, मुळा, बीट यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्यापासून अंगात नायट्रिक ऑक्साइड बनतं, जे रक्तवाहिन्या सैल ठेवतं. कडक माउथवॉशनं तेही मरतात आणि बीपी थोडं वाढल्याचं दिसलंय. २०१७ साली पोर्तो रिकोमधल्या एका अभ्यासात, दिवसाला दोनदा किंवा जास्त वेळा माउथवॉश वापरणाऱ्या जाड माणसांमध्ये तीन वर्षांत शुगर वाढण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यावरून माउथवॉशनंच शुगर झाली असं सिद्ध होत नाही. पण कायम वापरायची गरजही नाही. कोमट मिठाच्या पाण्याची गुळणी बाबांना पुरे.

दात काढायचा ठरला तर बाबांनी उपाशी जायचं नाही. सकाळची गोळी आणि नाश्ता करूनच जायचं. "दात काढायचाय" म्हणून गोळी घेऊन उपाशी आलेले पेशंट आमच्या बाकावर घामाघूम होऊन पडतात.

प्रयोगशाळेतला

उशिरा वाचला धागा. मी गडचिरोली भागात लॅबमध्ये आहे. सगळे एचबीए१सीच्या आकड्यावर बोलत आहेत, म्हणून एक गोष्ट सांगणं मला भाग आहे.

ही तपासणी लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेची असते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. पूर्व विदर्भात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे. सिकलसेलचा आजार असलेल्याच्या लाल पेशी १०-२० दिवसांतच फुटतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटा कमी येतो. माणूस "माझी ६ आहे" म्हणून निश्चिंत, आणि रक्तात साखर २०० च्या वर. नुसता वाहक असेल तरी काही मशीनवर आकडा चुकतो. उलट लोहाच्या कमतरतेनं अंगात रक्त कमी असेल तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्या बायांमध्ये ते घरोघरी आहे.

काळीमाती ताई, आईंचं हिमोग्लोबिन आणि सिकल तपासणी झाली आहे का? नसेल तर एकदा करून घ्या. सिकल निघाला तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर नियमित पाहायची, किंवा फ्रुक्टोसामिन करायचं, ते दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगतं.

शंकानिरसन

ही माहिती फार मोलाची आहे. एवढी वर्षं शुगरबद्दल वाचतो, पण हे पहिल्यांदा कळलं.

काळीमाती

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, आईकडे होते. सिकल तपासणी कधीच झाली नव्हती. पांढरकवड्याला करून घेतली, निगेटिव्ह आली. हिमोग्लोबिन ९.२ आहे. म्हणजे आधीचा ९.१ चा आकडा थोडा फुगलेला असू शकतो, आणि ८.३ चाही. आता लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवायला सांगितलं आहे. भावानं कॅलेंडरवर खिळ्याला पेन बांधलं आहे.

दंतवैद्य मॅडमनी दर तीन महिन्यांनी यायला सांगितलंय. या खेपेला ७ च्या फटी ४ वर आल्या, पस नाही. आई परवा शेजारच्या काकूंना घेऊन गेली होती, त्यांनाही शुगर आहे. बाकावर बसून आईच त्यांना सांगत होती, रक्त आलं तरी घासणं सोडू नको म्हणून.

पैनगंगाकाठ भाऊ, तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात का? आम्ही सगळे वाट पाहतो आहोत.

पैनगंगाकाठ

गेलो होतो ताई. तुकडा काढून नागपूरले पाठवला तपासाले. दहा दिवसांनी रिपोर्ट. खर्रा त्या दिवसापासून बंद हाय, आज सहावा दिवस. रात्री झोप येत नाही, पन बंद हाय. रिपोर्ट आला की लिहितो.